दीपमाळंचा सगळ्यात खालचा हात

माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला कुजक्या मासळीचा वास येतो. लग्नात नवरा-नवरीच्या जवळ गेलो की नवरी नाक मुरडती, आन तिची मावशी माझ्याकडं आसं बगती की जसा म्याच कुजलोय. पट्टा साबणानं धुतला, सोड्यात भिजवला, लिंबू चोळलं, पत्र्यावर वाळवला. वास हाय तसाच. बायको म्हणती पट्टा फेका. फेकत न्हाय. तो वास कुठनं आला ते सांगतो, मंग तुमीच ठरवा.

मुरूम गावात माझं फोटोचं दुकान हाय. शाळंची पायरी म्या जलमात चढलो ती ग्रुप फोटो काढायलाच. पोरं रांगत हुबी, मास्तर खुर्चीत, आन म्या समोर काळं फडकं डोक्यावर घेतल्यासारखा शाणा. फोटो शिकलो ते एका उस्तादाच्या शिव्या खाऊन. शिव्या संपल्या तवा तो म्हणाला आता तुला येतंय. मला अजून शंकाच हाय.

आमचं गाव धरणात गेलं तवा म्या आईच्या पोटात व्हतो. त्यामुळं जुनं गाव म्या कोरडं कवाच बगितलं न्हाय. नवं गाव माळावर वसवलं, तिथं देव आणला, माणसं आणली, भांडणं बी जशीच्या तशी उचलून आणली. फकस्त दीपमाळ आणता आली न्हाय. ती देवळाच्या टेकाडावर तिथंच हुबी हाय, आन पावसाळ्यापासनं शिमग्यापतुर त्या टेकाडाच्या चारी अंगाला पाणी. कॅलेंडरवर समुद्राच्या मधी दिव्याचा खांब असतो बगा, जहाजाला वाट दावणारा, लांबनं अगदी तसंच दिसतं. फकस्त समुद्र न्हाय, जहाज न्हाय, आन दिवा बी न्हाय. हायेत ते पाणकावळं.

ज्यानं दीपमाळ बगितली न्हाय त्याला सांगतो. दगडाचा उंच खांब असतो, आन त्याच्या अंगातनं दगडी हात भाईर आलेले असत्यात. जत्रंला त्या हातांवर पणत्या ठिवायच्या. आमच्या गावात एका घराला एक हात. लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून हर एक हाताखाली त्या घराची खूण कोरलेली. कुणाचा नांगर, कुणाचा तराजू, कुणाची कात्री. आपली खूण बगायची आन आपली पणती ठिवायची, भांडायचं काम न्हाय.

आता नव्या गावात समितीनं शिमिटाची दीपमाळ बांधायला काढली. माघातल्या जत्रंला ती पेटवायची व्हती. गवंडी म्हणला, कुठल्या घराचा हात कुठं आन त्याची खूण काय ते सांगा. झालं. सगळं गाव देवळाच्या ओट्यावर बसलं. मला फोटोसाठी बोलवलं व्हतं, तर आई बी संगं आली. जाणती माणसं गेली सगळी, राह्यली ती ऐकीव माहितीवाली. जो तो वरचा हात आपला म्हणायला लागला. खालचा हात कुणीच मागंना.

तवा आई उठली. आमी कुंभार. बाप जाऊन लई वर्षं झाली, चाक बी थांबलं, पर आई अजून पणत्या थापती. ती म्हणाली, "सगळ्यात खालचा हात आमचा. त्याच्यावर घोडा हाय."

ओट्यावर हसू फुटलं. समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांना आण्णा म्हणत्यात, ते हसले न्हाईत, ते तर गोड बोलत्यात. म्हणाले, "वहिनी, कुंभाराच्या घरी घोडा कुठला? तुमच्या घरचा हातच नसंल. आसंल तर यादीत घालू की."

आईनं पदर सारखा केला. "गावातल्या सगळ्या हातावरच्या पणत्या आमी केल्या," ती म्हणाली, "आन आमच्या पणतीला ठिवायला जागा न्हाय व्हय आण्णा?"

म्या तिथं कॅमेरा गळ्यात घालून बैलासारखा हुबा. मला वाटलं काय तरी बोलावं, म्हणून म्हणलं, म्या जाऊन सगळ्या हातांचे फोटो काढून आणतो. समितीला फुकटचा माणूस गावला. आण्णा म्हणाले, संक्रांतीच्या आत आणा. आईनं त्या रातीला भाकरी खाल्ली न्हाय. मला कळलं की आता तो हात गावला न्हाय तर ही जत्रंला येणारच न्हाय.

टेकाडावर जायला मासेवाला मामू हाय. त्याच्याकडं थर्माकोलचा तराफा, वरनं पोतं गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं. त्याच्यावर बसलो की खालनं पाणी ढुंगणाला लागतं. त्या पोत्यात कितीक वर्षांचं मासळीचं पाणी मुरलेलं. पौषातली थंडी, पाण्यावर धुई, आन म्या त्या घाणीत मांडी घालून देवासारखा बसलेलो. टेकाड जवळ आलं आन वाऱ्यानं तोंड फिरवलं, तसा वास आला. तसला वास म्या कवा घेतला न्हवता. सडकी मासळी, वला चुना आन कुणाचं तरी तोंड बरेच दिवस न धुतलेलं, हे एकत्र कालवलं तर कसं लागंल, तसं.

मामू माझ्या तोंडाकडं बगून म्हणला, "नाक घरी ठिवून यायचं व्हतं की जी."

मला म्हणला संध्याकाळी येतो, आन गेला. तो तिथं थांबत न्हाय. मासळीत जलम गेलेला माणूस तिथं थांबत न्हाय, यातच मला समजायला पाहिजे व्हतं.

दीपमाळ वरपासनं खालपतुर पांढरी. देवळाचा रंग न्हाय तो. पाणकावळं पिढ्यान्पिढ्या वरच्या हातांवर बसत आलेत आन तिथनंच सगळं सोडत्यात. वरच्याचं खालच्यावर, खालच्याचं त्याच्या खालच्यावर. सगळ्यात खालच्या हातावर तर नुसता ढीग. म्हणजे पयलं वरच्या पणत्यांचं तेल आन काजळी आमच्या हातावर गळायची, म्हणून आमची खूण कवा कुणाला नीट दिसली न्हाय. आन गाव बुडल्यावर आता हे. पायाखाली मासळीचे काटे, पाखरांनी वकलेले गोळे, पिसं, फुटलेली अंडी. काठाला लोकांनी सोडलेलं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशव्यांत फुगून आलेलं, आन देवांचे जुने फोटो काचेसकट. एका फोटोवर माझ्याच दुकानाचा शिक्का. म्हणजे ती घाण बी माझीच.

म्या खुरप्यानं खरवडायला लागलो. एकेक खपली निघायची आन तोंडावर उडायची. तोंड मिटून घेतलं की नाकात जायची, नाक धरलं की हात मोकळा राहीना. वरनं पाणकावळा आधी शेपूट हालवतो आन मंग सोडतो. मला वाटलं ह्यो इशारा कळला की आपुन बाजूला हू. एकदा बी झालो न्हाय. डोक्यावर, कानात, शर्टाच्या आत. एकदा वर बगितलं ते तोंड उघडं ठिवून. पुढचं सांगत न्हाय, तुमी जेवत असाल.

वरचे हात लांबनं टिपले, नांगर-तराजू दिसत व्हते. मंग आमच्या हाताकडं वळलो. पाणी मारून, दात घासायच्या ब्रशनं घासून काळा दगड मोकळा केला. कोरीव फोटोत उठून दिसावं म्हणून आमी एक युक्ती करतो, खोलगट रेषांत पीठ चोळायचं, वरनं फडक्यानं पुसायचं. काळ्या दगडावर पांढरी रेघ. दुपारी तिथंच तीन दगडांवर भाकरी करायला ज्वारीचं पीठ नेलतं, तेच चोळलं.

आधी पाय आले. मंग पोट. मंग मान. मला आनंद झाला, म्हणलं आई खरी. मंग कान आले. आन येतच राह्यले. एवढाले लांब कान कुठल्या घोड्याला असत्यात? ते गाढव व्हतं. चांगलं कामावरचं, मान खाली घातलेलं गाढव.

म्या त्या घाणीत खाली बसलो. आई जलमभर घोडा म्हणत आली. पाव्हण्यारावळ्यांत, लेकींच्या सासरी, गाडीत शेजारी बसलेल्या बाईला सुद्धा तिनं सांगितलं असंल की आमच्या घरचा हात घोड्याचा हाय. आता म्या हिला गाढव नेऊन दावू? आन त्या ओट्यावर सगळ्या गावासमोर? मला स्वतःची, गाढवाची, गावाची, सगळ्याचीच शिसारी आली.

मंग म्या माझी अक्कल चालवली. कानातलं पीठ बोटानं काढलं, तिथं वला चिखल भरला. बुडापाशी थोडंच पीठ ठिवलं, बारीक टोकदार. लांब कान गेले, आखूड कान आले. सकाळचं तिरपं ऊन हातावर व्हतं तवर फोटो काढला. झकास घोडा. उस्तादानं शिकवलेलं सगळं कसब म्या त्या दिशी गाढवाचे कान कापायला वापरलं. भाकरीचं पीठ संपलं व्हतं, दिवसभर उपाशी राह्यलो, आन तरी खूश.

ओट्यावर फोटो दाखवले. आमचा फोटो आला तसा म्या छाती काढून म्हणलं, बगा, खालचा हात, घोडा. आण्णांनी चष्मा लावला, निरखून बगितलं, आन लई मायेनं माझ्या खांद्यावर हात ठिवला.

"शाबास," ते म्हणाले. "ह्यो आमचा घोडा. गावात घोडं आमच्या आज्याशिवाय कुणाकडं व्हतं का? आमचे दोन हात निघाले की रं."

आन ओट्यावरचे सगळे म्हणाले, बरोबर हाय, घोडं त्यांच्याकडंच व्हतं. यादीत लिहिलं बी. म्या तिथं हुबा. घर लुटायला आलेल्याला आपल्याच हातानं कडी काढून द्यावी, तसा. आई समोरच बसली व्हती. तिनं फोटोकडं बगितलं न्हाय, माझ्याकडं बगितलं.

घरी आल्यावर तिनं चुलीपाशी बसवलं आन इचारलं, "कान किती लांब व्हते?"

म्या हात मागं लपवले.

"खरं सांग. तुझ्या नखांत चिखल हाय अजून."

म्या सांगितलं. कान हातभर नसतील, पर लांब व्हते. तिनं लाकूड पुढं सारलं. मंग जे सांगितलं ते म्या जलमात ऐकलं नव्हतं. लगीन ठरताना माझ्या बापानं तिच्या माहेरी सांगितलं व्हतं की आमच्या घरचा हात घोड्याचा. तिच्या बापाला वाटलं घर मोठं असंल. ती लगीन हून दारात उतरली, तर दारात गाढवं बांधलेली. "म्या तवाच वळखलं," ती म्हणाली.

"मंग जलमभर घोडा कामून म्हणत व्हतीस?"

"त्याला बरं वाटायचं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मंग म्हणाली, "दीपमाळंचा हर एक दगड आपल्या गाढवांनी वाहून नेला, आसं तुझा आजा सांगायचा. म्हणून हात मिळाला. आता तो बी त्यांच्या घोड्याला गेला. जा, आन त्याचे कान घिऊन ये."

दुसऱ्या दिशी पुन्यांदा तो तराफा. पुन्यांदा ते पोतं. मामू नुसता बगत राह्यला, जसा कुणी दवाखान्यातल्या माणसाकडं बगतो. उतरलो तर धुई एवढी की दीपमाळंचा वरचा भाग दिसंना. वरनं पडायचं ते मातुर बरोबर माझ्या डोक्यावर पडत व्हतं. कानातला चिखल ब्रशनं काढला, पर धुईनं वल्या झालेल्या दगडावर पीठ धरंना. म्या म्हणलं सकाळचं ऊन येईल, आमचा हात उगवतीला हाय. ऊन आलं न्हाय. म्या थांबलो. त्या वासात थांबणं म्हणजे काय ते सांगता येत न्हाय. शेवटी वकलो, आन माझ्या वकारीवर दोन पाणकावळं उतरले. त्यांना आवडलं. मला त्या दिशी पाखरांबद्दल जे वाटलं ते देवानं माफ करावं, पर अजून वाटतंय.

धुई फिटली ती दुपार कलल्यावर. ऊन आता मावळतीच्या बाजूला, आन आमचा हात सावलीत. सावलीत कोरीव सपाट दिसतं, कान वळखू येत न्हाईत. उद्या येतो म्हणलं असतं, पर संक्रांत तोंडावर, गवंडी सामान घिऊन बसलेला. लग्नात नवरीच्या तोंडावर उजेड टाकायला आमच्याकडं चांदीसारखा पडदा असतो. तो म्या दुकानात ठिवून आलो व्हतो, खराब व्हईल म्हणून. माझ्याकडं जेवायचं स्टीलचं ताट व्हतं, दगडावर उघडंच ठिवलेलं. म्हणजे त्याच्यावर काय व्हतं ते तुमी वळखा.

ते बाहीनं पुसलं, पर सगळं निघालं न्हाय. जरा बाजूला उन्हात हुबं राहून ताट तिरपं धरलं, तर उजेडाचा तुकडा बरोबर गाढवाच्या तोंडावर जाऊन पडला. कान असे उठले की आता हालवंल. पर कॅमेरा धरायचा कुणी? एका हातानं फोटो हालायला लागला. आजूबाजूला माणूस न्हाय, पाणकावळं हायेत. म्या ताटाकडं बगितलं. ताटावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडं बगितलं. आन ते दातात धरलं.

चव सांगत न्हाय. डोळ्यांत पाणी, ओठावर ते, मान वाकडी करून उजेड जागंवर धरलेला, आन म्या फोटो काढत व्हतो. हालू ने म्हणून श्वास बी धरला, तेवढंच बरं झालं. मामू परत आला तवा म्या तसाच हुबा. तो तराफ्यावरनंच म्हणला, "जेवण झालं काय जी?"

त्या सांजंला म्या कितीदा चूळ भरली त्याचा हिशेब न्हाय. पट्टा माझ्या हनुवटीखाली व्हता, सगळं त्याच्यावर वघळलं. तो वास त्या दिशीचा.

संक्रांतीच्या आदल्या दिशी ओट्यावर फोटो ठिवला. या वेळी छाती काढली न्हाय. फोटो हातोहात फिरला. कुणी तरी हसलं, कुणी तरी गाढव हाय की म्हणलं. आण्णांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाले, त्या दिशी तर घोडा व्हता.

"त्या दिशी म्या कानात चिखल भरला व्हता," म्या म्हणलं. "लाजलो म्हणून. ह्यो खरा फोटो. आण्णा, घोडा तुमचा म्हणलात. आता गाढव बी तुमचंच असंल तर सांगा, यादी बदलायची गरज न्हाय."

ओटा हसला, पर आण्णांच्या बाजूनं न्हाय. आण्णा बी लई येळानं हसले, पर तोंडाच्या एकाच कोपऱ्यातनं. म्हणाले, गाढव आमच्याकडं कवाच नव्हतं. म्हणजे झालंच. यादीत आमचं घर आलं, खालचा हात, खूण गाढव. लोक माझी अजून थट्टा करत्यात. दुकानात येऊन म्हणत्यात, आमचे बी कान जरा बारीक करा. म्या करतो.

जत्रंच्या सांजंला शिमिटाची दीपमाळ हुबी व्हती, भडक पिवळी, बगवत न्हाय आशी. गवंड्यानं फोटो बगून खुणा काढल्या व्हत्या. आमच्या गाढवाचे कान त्यानं हौसंनं आजून लांब केले व्हते, हाताच्या भाईर यिऊन लोंबत व्हते. वरच्या हातांना बाप्ये शिडी लावून चढले. आमचा हात खाली, शिडीची गरज न्हाय. आईनं आपली पणती सोता ठिवली, वात सारखी केली, आन गाढवाचे कान चिमटीत धरून बगितले.

"लांब झाले," ती म्हणाली. "तेल घाल."

म्या तेल घालायला वाकलो. वरच्या पणत्यांचं तेल तवरच गळायला लागलं व्हतं, पयला थेंब माझ्या मानंवर पडला, दुसरा कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर. वासात आता तेल बी मिसळलं. आई बाजूलाच हुबी व्हती. तिनं नाक धरलं न्हाय. तिनं पदरानं माझी मान पुसली आन म्हणाली, आता फोटो काढ.